दीपमालाची सहा बटणं

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. उदगीरच्या माझ्या दुकानात मी एका टीव्हीचा मागचा पत्रा काढून बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मन्मथ का? मी दीपमाला. पार्सल ऑफिसच्या अनंतरावांची."

तिचं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. मधल्या काळात आमची भेट दोनदाच. एकदा तिच्या वडिलांच्या तेराव्याला आणि एकदा माझा भाऊ वीरेशदादा वारला तेव्हा. तरी तिनं ओळख अशी सांगितली, जणू अजून स्टेशनमागच्या रेल्वे क्वार्टरमधूनच बोलतेय.

मी कशी आहेस वगैरे विचारायच्या आत ती म्हणाली, "तुमच्या त्या गेमच्या मशिनी हायेत का अजून? का भंगारात गेल्या?"

"दोन गेल्या. एक हाय. बंद हाय."

"तिची बटणं निघतील का? सहा पाहिजेत."

मला वाटलं तिच्या पोराला काहीतरी जुनं जमवायचा नाद लागला असेल. तसं मी बोललोही.

"मलाच पाहिजेत. मला दिसंना झालंय, मन्मथ. दोन वर्षं झाली शाळेतली नोकरी सोडून. तू एकदा मुखेडला ये, म्हणजे सांगता येईल."

मी पत्रा तसाच टेबलावर ठेवला आणि येतो म्हणालो.

आज स्टेशन रोडला जिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे, तिथं पंच्याण्णव साली दादानं व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं होतं. तीन मशिनी. गोणपाटात गुंडाळून हैदराबादहून रेल्वेनं आल्या. त्या सोडवून देणारे क्लार्क म्हणजे दीपमालाचे वडील अनंतराव. एवढं विचित्र पार्सल नोकरीत पाहिलं नाही, असं ते म्हणाले. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर बघायलाही आले, पण आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यातून बघितलं आणि गेले.

कपाटाएवढी मशीन, तिच्या पोटात टीव्हीची पिक्चर ट्यूब, पुढं एक उतरती फळी, फळीवर दोन खेळाडूंसाठी एकेक दांडी आणि सहा-सहा बटणं. सगळ्यात जास्त गर्दी मारामारीच्या खेळाला. वरची तीन बटणं ठोशांची, खालची तीन लाथांची. पहिल्याच पावसाळ्यात त्या मशिनीची मूळची फळी फुगली. दादानं सागाची नवी फळी आणली, भोकं पाडली आणि प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या ऑइल पेंटनं बारीक अक्षरांत लिहिलं: हलका, मधला, भारी. खालच्या ओळीत हलकी, मधली, भारी. इंग्रजी अक्षरं आपल्या पोरांना कशाला, म्हणायचा.

मुली पार्लरमध्ये येत नसत. दीपमाला यायची, पण दुपारी एक ते तीन, पार्लर बंद असताना, मागच्या दारानं. त्यांच्या क्वार्टरचं परसदार आमच्या मागच्या दारासमोर होतं. ती तेव्हा अकरावीला होती. पहिल्यांदा आली ती आवाज कमी करा, आईचं डोकं दुखतंय, असं सांगायला. दादा त्या वेळी दुरुस्त केलेली मशीन तपासत होता. तो म्हणाला, "आलीस तर जरा हे बटण दाबून धर, मी मागं वायर बघतो." तिनं दाबून धरलं. मग दुसरं. मग तिसरं. तेव्हापासून दुरुस्त झालेली मशीन ती तपासून द्यायची. मी त्या काळात लातूरला आयटीआयमध्ये होतो, शनिवारी घरी यायचो, त्यामुळं मी यातलं थोडंच पाहिलं. जेवढं पाहिलं ते असं, की ती पडद्याकडं फारसं बघायचीच नाही. दादाशी बोलता बोलता बोटं चालायची. मध्येच थांबून म्हणायची, "दादा, हे मधलं उशिरा यायलंय." दादा फळी उचलून बघायचा तर बटणाखालचा खटका खरंच करपलेला असायचा.

तिचं लग्न झालं. सासरी राहून तिनं डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. इकडं घरोघरी कॉम्प्युटर आले, हातात मोबाईल आले, आणि दोन हजार चारला दादानं पार्लरचं शटर शेवटचं ओढलं. दोन मशिनी भंगारवाल्यानं नेल्या. मारामारीची मशीन काही दादानं देऊ दिली नाही. ती माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागं भिंतीला लावून ठेवली. पुढं तिच्यावर खोकी चढली, खोक्यांवर खोकी, आणि मी तिच्याकडं बघायचंही सोडून दिलं.

दीपमालाच्या फोननंतर दोन दिवसांनी मी एसटीनं जळकोट, जांब करत मुखेडला गेलो.

तिचं घर भरलेलं होतं. नवरा भुजंगराव, घरची शेती आणि बाजारात बी-बियाणांचं दुकान. सासू तारामतीबाई, ऐंशीच्या, पण कान तिखट. मुलगा शिवम पुण्याला नोकरीला. मला पाटावर बसवून आधी जेवायला घातलं. सासरी म्हणून मी तिला ताई म्हणालो. ती हसली. केस पुढून पांढरे झाले होते, आणि बोलताना तोंड माझ्याकडं असलं तरी नजर माझ्या खांद्याच्या थोडी वर कुठंतरी लागायची.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. मग एके दिवशी वर्गात फळ्यावर स्वतः लिहिलेली ओळ तिला पुन्हा वाचता आली नाही, आणि पोरं गप्प बसून तिच्याकडं बघत राहिली. लातूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, याला औषध नाही.

"मग लातूरलाच आठ दिवसांचं शिबिर झालं," ती म्हणाली. "नव्यानं आंधळे झालेल्यांचं. शिकवायला नांदेडचे हरिओम सर होते. बँकेत हायेत. लहानपणापासून दिसत नाही त्यांना. त्यांनी ब्रेल शिकवलं. सहा ठिपके. तीन इकडं, तीन तिकडं. कोणते ठिपके एकदम उमटले त्यावरून अक्षर."

तिनं टेबलावर दोन्ही हातांची तीन-तीन बोटं ठेवली.

"हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीच आलं. मी म्हणाले, हे तर आपलंच हाय. सहा बटणं."

वाचायला तिला ब्रेल जड जात होतं. या वयात बोटांच्या टोकांना ठिपके लवकर कळत नाहीत. पण लिहायचं तिला जमेल असं वाटत होतं. ब्रेल लिहायची तयार मशीन मोटारसायकलच्या भावाची. हरिओम सरांनी शिवमच्या जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचा बोलणारा प्रोग्राम टाकून दिला होता. त्यात साध्या कीबोर्डवर सहा बोटं ठेवून ब्रेल लिहिता येतं आणि लिहिलेलं ते वाचून दाखवतं. पण तिच्या लॅपटॉपचा कीबोर्ड स्वस्तातला. एकदम चार-पाच बटणं दाबली की त्यातली दोन-तीनच पोचायची, बाकीची हरवायची. अक्षर तुटून यायचं. फोनच्या काचेवर बोटं ठेवायची सोय आहे, तीही तिनं करून बघितली. गुळगुळीत काचेवर बोट कुठं आहे तेच कळेना.

"पण ताई," मी म्हणालो, "आता तर फोनला बोललं की फोन लिहितो. माझी बायको सगळं तसंच पाठवते."

तारामतीबाई बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हीबी तेच सांगून राहिलो. बोल की. एवढी मास्तरीण व्हतीस."

थोड्या वेळानं सासूबाई देवाकडं दिवा लावायला आत गेल्या तेव्हा दीपमाला हळू आवाजात म्हणाली, "हे बघ मन्मथ, या घरात कुणी वाईट नाही. मला हाताला धरून फिरवतात. पण फोनला सांगायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं. लिहायचं ते सगळ्यांना ऐकवून लिहायचं. मग ते लिहिणं कसलं? मला गप्प बसून लिहायचंय."

मी उठलो. भुजंगराव मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "होईल का हो हे? तिनं लई मनावर घेतलंय."

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी खोकी उतरवली. मशिनीच्या पोटात पालीची अंडी, कोळिष्टकं, आणि कुणीतरी कधी काळी फटीतून आत टाकलेलं बसचं तिकीट. फळीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली तशी लाल, पिवळी बटणं वर आली आणि त्यांच्याखाली दादाची अक्षरं. एक एक दाबून बघितलं. दोन खटके अडकले होते. दुसऱ्या खेळाडूच्या बाजूलाही तशीच सहा बटणं होती, त्यातले चांगले खटके काढून इकडं लावले.

आता यांना कॉम्प्युटरशी जोडायचं कशानं, हा प्रश्न होता. माझ्या भंगाराच्या डब्यात कॉम्प्युटरला लावायचा एक गेमपॅड पडला होता. त्याची दांडी तुटली होती, आतलं कार्ड मात्र शाबूत. एका पोराच्या बापानं रागानं आपटलेला. मी तो फोडला, कार्ड बाहेर काढलं आणि त्याच्या एकेका बटणाच्या जागेवर बारीक वायरींना कथलाचा डाग देऊन त्या वायरी दादाच्या फळीवरच्या बटणांना नेल्या. प्रत्येक बटणाची वायर वेगळी, त्यामुळं सहाही एकदम दाबली तरी सहाही पोचणार. मग गेमपॅडचं बटण दाबलं की कीबोर्डचं अक्षर उमटावं, असा एक छोटा प्रोग्राम मिळाला. तो बसवायला मला तीन दिवस लागले. कार्ड जुनं, मी त्याहून जुना.

दीपमाला म्हणाली, माझ्याकडं आणायच्या आधी हरिओम सरांना दाखव. म्हणून मी फळी पिशवीत घालून नांदेडला गेलो.

हरिओम सर चाळिशीचे, नीटनेटके, बोलायला सडेतोड. बँकेची दुपारची सुट्टी होती. त्यांनी डबा बाजूला सारला आणि फळीवर दोन्ही हात फिरवले. बटणं, दांडीचं भोक, कडा, सगळं. बटणं दाबून आवाज ऐकला.

"खटका चांगला आहे," ते म्हणाले. "बोटाला उत्तर देतो. पण हे असं चालणार नाही."

"का?"

"तुमची तीन वर, तीन खाली आहेत. एका हातासाठी. सहा बटणं आणि बोटं पाच. दोन्ही हात ठेवले तर हातावर हात चढतो. बघा." त्यांनी खरंच ठेवून दाखवले. "तीन डावीकडं पाहिजेत, तीन उजवीकडं, एका ओळीत. मध्ये दोन अंगठ्यांना जागा. ही फळी कापावी लागेल."

मी म्हणालो, "ही कापायची नाही."

"का?"

मग मी त्यांना सांगितलं. फळी कुणी केली, अक्षरं कुणाची, तो कधी वारला. त्यांनी बोटानं पेंटची अक्षरं शोधली. ऑइल पेंट होता म्हणून थोडा उंचवटा लागत होता, पण वाचण्याइतका नाही.

"काय लिहिलंय?"

"हलका. मधला. भारी."

ते म्हणाले, "मन्मथजी, तुम्ही त्यांना ही अशीच द्या. त्या नाही म्हणणार नाहीत. चार दिवस वापरतील आणि कपाटावर ठेवतील. तुम्हाला कळणारही नाही."

येताना एसटीत मी फळी मांडीवर घेऊन बसलो. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि तो खरं बोलला हेही कळत होतं. दुसरी फळी करता आली असती, नाही असं नाही. पण दुकानात बसून मी प्लायवूडवर भोकं पाडून बघितली तर बटणं सैल बसायची, दाबली की हलायची. दादाचा साग तीस वर्षांत एवढा घट्ट झाला होता की त्यात बटण स्क्रूशिवायही हललं नसतं. दोन आठवडे मी काहीच केलं नाही. शेवटी दीपमालाचाच फोन आला. मी तिला अडचण सांगितली.

"काप," ती म्हणाली.

"दादाची अक्षरं हायेत त्यावर."

"मला माहीत हायेत कुठं कोणतं ते. काप तू. दादा असता तर त्यानं तुला विचारलंही नसतं."

मी सुताराकडं गेलो नाही. करवत आणली आणि स्वतःच कापली. वरच्या ओळीचा तुकडा वेगळा, खालच्या ओळीचा वेगळा. दोन्ही तुकडे एका ओळीत, मध्ये ओंजळीएवढी जागा सोडून, एका पातळ पाटावर बसवले. डावीकडं ठोसे, उजवीकडं लाथा. मधल्या जागेत अंगठ्यासाठी दुसऱ्या खेळाडूची दोन बटणं लावली. एक शब्द सुटा करायला, एक खोडायला. "भारी" मधला "री" करवतीत अर्धा गेला. बाकी अक्षरं राहिली.

हरिओम सरांनी आणखी एक गोष्ट फोनवर सांगितली होती. पोरं ही बटणं गुद्दे घालून दाबायची, त्यामुळं आतल्या स्प्रिंगा कडक. दीपमालाला तासन्‌तास लिहायचं तर बोटं दुखतील. मी बॉलपेनांच्या स्प्रिंगा काढून बघितल्या. त्या फारच मऊ, बटण वर येईना. मग जुन्या टेपरेकॉर्डरच्या बटणांच्या स्प्रिंगा सापडल्या, त्या नेमक्या बसल्या. दुकानात टाकून न दिलेल्या वस्तूंबद्दल बायको मला बोलत आली आहे. त्या दिवशी मी तिला मुद्दाम बोलावून त्या स्प्रिंगा दाखवल्या. ती बघून आत गेली.

संक्रांतीनंतर मी पाट घेऊन पुन्हा मुखेडला गेलो. हरिओम सरही नांदेडहून आले होते, रविवार होता. लॅपटॉपला वायर लावली. दीपमालानं हात ठेवायच्या आधी तुकड्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. मी कापलेल्या बाजूला कानस मारली होती, तरी तिला ती कड लगेच कळली. मग सहा बोटं सहा बटणांवर ठेवली.

हरिओम सर म्हणाले, "ल."

तिनं डाव्या हाताची तिन्ही बोटं दाबली. लॅपटॉप बायकी आवाजात म्हणाला, "ल."

"ळ."

उजव्या हाताची तिन्ही. "ळ," लॅपटॉप म्हणाला.

दीपमालाला हसू आलं. म्हणाली, "चौथीच्या पोरांना ल आणि ळ शिकवताना माझा जीव जायचा. असं डाव्या-उजव्या हाताचं असतं तर एका दिवसात शिकली असती."

मग तिनं न सांगता एक शब्द लिहिला. थांबत, चाचपडत. दोनदा अंगठ्यानं खोडलं. लॅपटॉपनं वाचून दाखवलं, "तारामती." सासूबाई दाराशी उभ्या होत्या. स्वतःचं नाव मशीनच्या तोंडून ऐकून त्या पदर सावरून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "पुन्यांदा म्हणाय लाव तिला."

भुजंगरावांनी चहा सांगितला. जाताना हरिओम सर माझा हात धरून पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "लातूरला माझ्या शिबिरातल्या दोघांना असं पाहिजे आहे. आधीच सांगून ठेवतो." "हाव, करतो," मी म्हणालो. ते दोन पाट पुढं मी केले, साध्या बाभळीचे, आता ते लातूरलाच आहेत.

त्यानंतर तीनेक महिने दीपमालाचा काही निरोप आला नाही. भुजंगराव एकदा बाजारकामाला उदगीरला आले होते, त्यांच्याकडून कळलं की ती रोज जेवणं झाली की दुपारी माडीवर जाऊन बसते. "नुसतं खट खट चालू असतंय," ते म्हणाले. "काय लिहिते म्हणून विचारलं तर सांगंना. मी बी सोडून दिलं." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

एप्रिलच्या शेवटी माझ्या ईमेलवर तिचं लिखाण आलं. वर एवढंच होतं, "तूच वाच." मी दुकानाचा पंखा माझ्याकडं वळवला आणि वाचायला बसलो. तिनं सुरुवातीला पार्लरच्या दुपारींबद्दल लिहिलं होतं. बंद शटरच्या फटीतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या, तापलेल्या पिक्चर ट्यूबचा वास, दादा तिला वायरीचं टोक खरवडून डाग कसा द्यायचा ते शिकवायचा ते. हे मला ठाऊक नव्हतं. मग पुढं हे होतं:

"मी बाबांचा डबा घेऊन पार्सल ऑफिसात गेले होते. पोत्यांच्या थप्पीमागं होते. वीरेशदादा समोरच्या दारानं आला. त्यानं बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, 'तुमच्या मुलीच्या हातात कला आहे. माझ्याकडं दोन मेकॅनिक येऊन गेले, पण तिच्यासारखा दोष कुणाला सापडत नाही. बारावी झाली की तिला माझ्या दुकानात कामाला पाठवा. बाहेर बसायला नाही. आत, टेबलावर. तिला रीतसर पगार देईन.' बाबांनी त्याला चहा पाजला. विचार करतो म्हणाले. ते रागावले नाहीत. घरी येऊन त्यांनी मामांना पत्र लिहिलं आणि पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं.

"मला या गोष्टीचं दुःख आहे असं नाही. मला घर चांगलं मिळालं. शाळा मिळाली, पोरं मिळाली. पण मला कुणीतरी एकदा मेकॅनिक म्हणून मागितलं होतं, हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलं नाही. सांगणार कसं? 'मागितलं' हा शब्द तोंडातून निघाला की त्याचा एकच अर्थ लावतात. दादाच्या मनात तो अर्थ नव्हता आणि माझ्याही नव्हता. बाबांनाही बहुतेक कळलं होतं. तरी त्यांनी घाई केली. हे मला फोनला ऐकवून लिहिता आलं नसतं."

शेवटी तिनं लिहिलं होतं की दादा वारला तेव्हा ती उदगीरला आली, पण बायकांत बसून तिला हे कुणाशी बोलता आलं नाही, आणि परत जाताना जांबपर्यंत ती बसच्या खिडकीकडं तोंड करून बसली होती.

मी ते दोनदा वाचलं. मध्ये एक जण रिमोट घेऊन आला, त्याला मी सेल उलटे घालून दिले, तो पाच मिनिटांनी परत आला. दादानं मला कधी एक शब्द सांगितला नव्हता. मी त्याचा सख्खा भाऊ, एका ताटात जेवणारा. पण तो तसाच होता. नाही म्हणून आलेली गोष्ट तो पुन्हा काढत नसे.

उत्तर लिहायचं होतं, पण लॅपटॉप मोठ्यानं वाचतो, म्हणजे माझं पत्र माडीवरून खाली सगळ्यांना ऐकू जाणार. मी हरिओम सरांना फोन केला. ते म्हणाले, "त्यांच्याकडं हेडफोन आहे हो. मीच दिलाय. तुम्ही लिहा." तरी मला लिहायला चार दिवस लागले. मी लिहिणारा माणूस नाही. शेवटी एवढंच लिहिलं:

"दीपा, मला हे माहीत नव्हतं. शहाण्णवच्या दिवाळीला मी लातूरहून आलो तेव्हा दादाच्या टेबलावर दोन सोल्डरिंग आयर्न होते. एक त्याचा जाडा आणि एक नवा, बारीक, निळ्या मुठीचा. मी विचारलं, हा कुणाला? तो म्हणाला, राहू दे, लागेल. मला वाटलं मी आयटीआय करून येणार म्हणून माझ्यासाठी आणलाय. मी तेव्हापासून तोच वापरतो. माझ्या हाताला तो कायम लहान पडला. का ते आता कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. एकच ओळ होती.

"हेडफोन लावून ऐकलं. तो बारीक आयर्न अजून चालतो का?"

मी लिहिलं, "चालतो. टोक तीनदा बदललं. मूठ तीच आहे."